अनेसिम, हाळी आणि कोयता



पौलाचे फिलेमोनास पत्र जेमतेम पंचवीस वचनांचे आहे. वर्षातून एखादा रविवार त्याच्या वाट्याला येतो. क्षमा, समेट आणि बंधुप्रीती यांवर संदेश होतो आणि आपण पुढच्या पुस्तकाकडे वळतो. पण आमच्या शास्त्राभ्यासात तरुण मुले दरवेळी एकच प्रश्न विचारतात. पौलाने फिलेमोनाला सरळ का नाही लिहिले की माणूस विकत घेणे हे पाप आहे? मुलींचा प्रश्न त्याच्याही पुढचा असतो. फिलेमोनाच्या घरी दासीही असतील, त्यांचे काय? त्यांच्या अब्रूबद्दल मंडळी काय म्हणत होती? हे प्रश्न टाळण्यासारखे नाहीत. म्हणून आज आरंभीच्या मंडळीपासून आपल्या सुरतेपर्यंत हा धागा धरून पाहू या.

पहिल्यांदा रोमी जग समजून घ्यायला हवे. त्या काळच्या कायद्याने गुलाम ही वस्तू होती. गुलामाला कायदेशीर लग्न करता येत नसे. दोघे एकत्र राहत, त्यांना मुले होत, पण ती मुले दासीच्या मालकाची मालमत्ता ठरत. मालकाने नवऱ्याला एका शहरात आणि बायकोला दुसऱ्या शहरात विकले तरी विचारणारे कोणी नव्हते. व्यभिचार म्हणजे दुसऱ्याच्या बायकोशी संबंध, अशी व्याख्या होती. स्वतःच्या दासीशी मालकाने काही केले तर त्याला कायदा गुन्हा म्हणत नव्हता आणि समाजही फारसे नाव ठेवत नव्हता. याला अपवाद होते. पौलाच्याच शतकातील मुसोनियस रूफस नावाच्या स्तोइक गुरूने विचारले होते की मालकाला दासी चालत असेल, तर मालकिणीने दासाशी तसेच वागलेले त्याला चालेल का? पण असे आवाज थोडे होते.

अशा जगात पौल करिंथच्या मंडळीला लिहितो. करिंथ हे बंदराचे शहर. ज्युलियस सीझरने इ.स.पू. ४४ मध्ये ते पुन्हा वसवले तेव्हा तिथे पाठवलेल्यांत मुक्त झालेले गुलाम पुष्कळ होते. त्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना बाजारात माणसाची किंमत कशी ठरते हे ऐकून सांगावे लागत नव्हते. पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल त्यांना सांगतो की तुमचे शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे आणि तुम्हांला मोल देऊन विकत घेतले आहे. आपण हे वचन तरुणांच्या शिबिरात शुद्धतेचा धडा म्हणून शिकवतो आणि ते योग्यच आहे. पण ते प्रथम ज्यांनी ऐकले त्यांच्यापैकी कित्येकांच्या शरीराचा सौदा खरोखर झाला होता. त्यांना यातून आणखी एक गोष्ट ऐकू आली असेल, की माझ्या शरीराचा धनी ख्रिस्त आहे, म्हणून दुसऱ्या कोणाचाही हक्क त्याच्या हक्काहून मोठा नाही. लगेच पुढच्या अध्यायात पौल पतीच्या शरीरावर पत्नीचा अधिकार आहे असेही लिहितो. त्या काळच्या पुरुषाला हे वाक्य विचित्रच वाटले असणार.

म्हणजे मंडळीने शुद्धतेची जी शिकवण दिली ती मालकालाही लागू झाली. ख्रिस्ती मालकाला दासीच्या खोलीचे दार बंद झाले. ही लहान गोष्ट नव्हती. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात नियमभंग करणाऱ्यांची यादी आहे. त्यात जारकर्म्यांच्या बरोबरीनेच माणसे पळवून विकणारे आले आहेत. शरीराचा अपमान करणारी ही दोन्ही पापे लेखकाने एकाच दमात सांगितली.

पण मुलींच्या प्रश्नाचे उत्तर एवढ्याने होत नाही. मालक ख्रिस्ती नसेल तर? मंडळीने दासीला शुद्ध राहा म्हणून सांगितले, पण नकार देण्याची मोकळीक तिला कुठे होती? पौल याबद्दल काही लिहीत नाही. करिंथकरांच्या सातव्या अध्यायात, मोकळे होता येत असेल तर, असे म्हणून तो जे लिहितो ते मूळ ग्रीकमध्ये इतके आटोपशीर आहे की संधी घ्या असा अर्थ काढणारेही आहेत आणि आहात तसे राहा असा अर्थ काढणारेही. सुवर्णमुखी योहान ख्रिसोस्टोमने दुसरा अर्थ धरला. इफिसकरांस व कलस्सैकरांस पत्रांत दासांना आज्ञा पाळायला आणि मालकांना न्यायाने वागायला सांगितले आहे. व्यवस्था मात्र तशीच राहिली. पुढे शतकानुशतके गुलामांचे मालक हीच वचने दासांना वाचून दाखवत राहिले, हे आपण लपवू नये.

तरीही मंडळीत जे बीज पडले होते ते स्वस्थ बसले नाही. इ.स. १७७ मध्ये लियोन शहरात छळ झाला तेव्हा सर्वांत धीराने उभी राहिली ती ब्लँडिना नावाची दासी. तिची मालकीणही त्याच मंडळीतली होती आणि या दुबळ्या शरीराच्या मुलीला साक्ष देता येईल का अशी तिला धास्ती होती. २०३ मध्ये कार्थेजच्या आखाड्यात कुलीन घरची पर्पेतुआ आणि दासी फेलिसिटास एकत्र मरणाला सामोऱ्या गेल्या. मंडळीने दोघींची नावे जोडीने जपली, आजही ती तशीच घेतली जातात. रोमचा बिशप कॅलिस्टस (२१७ ते २२२) स्वतः पूर्वी गुलाम होता. मोठ्या घरच्या ख्रिस्ती स्त्रीने गुलामाशी जोडलेले नाते त्याने मंडळीत मान्य केले, म्हणून हिप्पोलितसाने त्याच्यावर कडक टीका केली. ज्याला कायदा लग्न म्हणत नव्हता त्याला मंडळी लग्न म्हणू लागली होती. त्या काळच्या आसपासच्या मंडळीच्या नियमांत असेही आढळते की, रखेल ठेवणाऱ्याने बाप्तिस्म्याआधी ते सोडून रीतसर लग्न करावे. मात्र मालकाशी एकनिष्ठ राहून मुले वाढवलेल्या दासीला मंडळीत घ्यावे. दोष कोणाकडे आहे हे ते ओळखू लागले होते.

चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बासिल याने हे स्पष्ट लिहून ठेवले. जबरदस्ती झालेल्या स्त्रीवर दोष नाही, आणि मालकाने बळजबरी केलेली दासीही निर्दोष आहे, असा त्याचा नियम आहे. बंधुभगिनींनो, अत्याचार झालेल्या मुलीकडे आपल्या मंडळ्यांमध्ये आजही ज्या नजरेने पाहिले जाते ती आठवा आणि मग हा सोळाशे वर्षांपूर्वीचा नियम पुन्हा वाचा. ४२८ मध्ये बादशहा दुसरा थिओडोसियस याने कायदा केला की, जो बाप मुलीला किंवा जो मालक दासीला देहविक्रय करायला लावील त्याचा तिच्यावरचा हक्क संपला. तिने बिशपाकडे दाद मागावी. मंडळीचे दार हे आसरा मागण्याचे दार ठरले.

बासिलाचा धाकटा भाऊ, निसाचा ग्रेगरी, याच्याही पुढे गेला. साधारण ३८० च्या सुमारास उपदेशक पुस्तकावर बोलताना तो दुसऱ्या अध्यायातील दासदासी विकत घेतल्याच्या वचनापाशी थांबला. त्याने विचारले, देवाच्या प्रतिरूपाची किंमत तुम्ही किती लावली? ज्याला देवाने साऱ्या पृथ्वीवर अधिकार दिला त्याच्या विक्रीची पावती कोण लिहील? प्राचीन जगातून आपल्यापर्यंत पोचलेल्या लेखनात गुलामगिरीवर इतका सरळ हल्ला दुसरीकडे क्वचितच सापडतो. त्याच्या घरातच याची सुरुवात झाली होती. थोरली बहीण माक्रिना हिने आईला समजावून दासींबरोबर एका पंक्तीला, एकाच प्रकारचे जीवन सुरू केले होते.

मात्र त्याच शतकात गंग्रा येथील धर्मसभेने, भक्तीच्या नावाखाली दासांना मालकाविरुद्ध शिकवणाऱ्यांना शाप दिला. थोर अगस्तीननेही गुलामगिरी हे पापी जगाचे फळ मानून ती सोसावी असे लिहिले. पण अगस्तीनचीच एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. उतारवयात हिप्पो बंदरात त्याने गुलामांचे व्यापारी पाहिले. मोकळ्या माणसांना, बायकामुलांना गावांतून पळवून ते जहाजांत भरत होते. त्याच्या एका पत्रात आहे की, तो स्वतः शहरात नसताना मंडळीतल्या लोकांनी जहाजातून आणि कोंडून ठेवलेल्या जागेतून सुमारे १२० जणांना सोडवले. हे पत्र अनेक शतके हरवले होते, १९८१ मध्ये ते छापून प्रसिद्ध झाले. बिशपाने ग्रंथात जे लिहिले नाही ते साध्या मंडळीने बंदरावर जाऊन केले.

बंदर म्हटले की सुरत आलीच. प्रकटीकरणाच्या अठराव्या अध्यायात बाबेलच्या मालाची यादी आहे. सोने, रत्ने, तलम वस्त्रे, सुगंधी द्रव्ये, धान्य, घोडे, आणि यादीच्या अगदी शेवटी माणसांची शरीरे व जीव. सतराव्या शतकातील सुरतेच्या गोदीवर ही यादी वाचली असती तर कोणाला नवल वाटले नसते. कापड, नीळ आणि मसाले यांच्याबरोबर अरबी समुद्रावरून आफ्रिकी माणसेही या किनाऱ्यावर आणली गेली. त्यांपैकी काही पराक्रमाने वर आली. बालपणी विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कारभारी झाला. जंजिऱ्याचे सिद्दी मोगलांचे आरमार सांभाळू लागले आणि सुरतेच्या महसुलातून त्यांना रक्कम मिळू लागली. बाकीच्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत.

ख्रिस्ती लोक या व्यापारात हात धुऊन बाजूला उभे होते असे म्हणण्याची सोय नाही. गोव्याच्या आर्चबिशपाचा चिटणीस म्हणून १५८३ ते १५८८ या काळात राहिलेल्या लिन्शोटन या डच माणसाने लिहिले आहे की, तिथे मुख्य रस्त्यावर रोज सकाळी लिलाव भरे आणि त्यात इतर मालाबरोबर स्त्रीपुरुष गुलामही विकले जात. त्याआधी १५६७ मध्ये गोव्याच्या धर्मसभेने कोणाला गुलाम करणे न्याय्य याचे नियम ठरवले होते. म्हणजे मर्यादा घातली, पण बाजार चालू ठेवला. ज्यांच्या पूर्वजांपाशी ग्रेगरीचे प्रवचन होते त्यांच्या चर्चसमोर हा बाजार भरत होता.

आपल्या मराठी मुलखात मात्र याचे एक उलट उदाहरण आहे आणि ते प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाला ठाऊक असावे असे आम्हांला वाटते. नाशिकजवळ १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीच्या रेव्हरंड प्राइस यांनी शरणपूर वसवले. इंग्रज आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडी, त्यातून सुटलेली आफ्रिकी मुलेमुली मुंबईत उतरत आणि त्यांतली कित्येक शरणपूरला येत. तिथे ती शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली, बाप्तिस्मा घेतला. डॉ. लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आफ्रिकेत वारले तेव्हा त्यांचा देह समुद्रापर्यंत पोचवणाऱ्यांत शरणपूरचा जेकब वेनराइट होता. पुढच्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याने त्यांच्या पेटीला खांदा दिला.

पण आमच्या विषयाला जास्त जवळचा आहे विल्यम जोन्स. तोही याच शाळेचा. तो मोंबासाजवळच्या रबाई मिशनवर गेला आणि १८८५ मध्ये त्याची दीक्षा झाली. रबाईच्या वस्तीत किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम येऊन राहू लागले. पळालेल्या गुलामाला ठेवून घेणे म्हणजे मालकांशी वैर, शिवाय मिशनच्या नियमांनाही ते धरून नव्हते. तरी जोन्सच्या वस्तीत ते वाढतच गेले. १८८८ मध्ये शरणपूरचे तेच प्राइस म्हातारपणी तिथे पुन्हा कारभारावर आले, तेव्हा मालक दाराशी येऊन आपली माणसे परत मागत होते. शेवटी इंग्रज व्यापारी कंपनीने पुढाकार घेऊन मालकांना भरपाई दिली आणि १८८९ च्या आरंभी चौदाशेहून अधिक माणसांच्या हाती मुक्ततेचे कागद पडले. फिलेमोनाच्या पत्रातला अठरावा आणि एकोणिसावा चरण आठवा. अनेसिमाचे देणे माझ्या खात्यावर मांडा, असे पौलाने स्वतःच्या हाताने लिहिले होते. एकेकाळी स्वतः गुलाम असलेला एक नाशिककर पाळक त्या चरणाशेजारी आपले आयुष्य ठेवून गेला.

आता आपल्या सुरत जिल्ह्याकडे येऊ. १८४३ च्या कायद्याने हिंदुस्थानात गुलामाची मालकी कोर्टाने मानायची नाही असे ठरले. पण बारडोली, चोर्यासी, पलसाणा या भागांत हाळी पद्धत त्यानंतरही कित्येक दशके चालू होती. मराठीत हाळी म्हणजे हाक. इथे हाळी म्हणजे जमीनमालकाच्या नांगराला बांधलेला मजूर. हे बहुतेक दुबळा समाजातले. आणि तो बांधला कसा जाई? लग्नाने. तरुणाच्या लग्नाचा खर्च मालक करी आणि त्या कर्जापोटी तो जन्मभर मालकाकडे राबे. मजुरी म्हणून रोजचे धान्य, झोपडीपुरती जागा आणि वापरलेले कपडे मिळत. कर्ज फिटत नसे, उलट वाढे. त्याच्या बायकोला मालकाच्या घरी झाडलोट, शेणगोठा करावा लागे. ज्या घराच्या कर्जात नवरा बांधलेला, त्या घरात तिला नाही म्हणायची किती सोय असेल, हे वेगळे सांगायला नको. मुलगा मोठा झाला की त्याच्याही लग्नाला तोच मालक.

रोमी गुलामाला लग्नाचा हक्क नव्हता. आपल्याकडे लग्न हीच साखळी झाली. देवाने एदेन बागेत जे दान म्हणून दिले त्याचेच गहाणखत झाले. गांधीयुगात या समाजाला हळपती, म्हणजे नांगराचा धनी, हे नाव मिळाले. नाव बदलल्याने कर्ज संपले नाही, पण माणसाला माणूस म्हणण्याची ती सुरुवात होती. वेठबिगारी बंद करणारा देशाचा कायदा यायला मात्र १९७६ उजाडले.

आणि आज? बारडोली आणि आसपासच्या साखर कारखान्यांसाठी दरवर्षी धुळे, नंदुरबार, डांग इथून ऊसतोडीला कुटुंबे येतात. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे मूळ गाव त्याच वाटेवर आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, बहुधा पावसाळ्यात, आजारपणासाठी किंवा लग्नासाठी. नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. देव म्हणाला, ती दोघे एकदेह होतील. मुकादमाच्या वहीत ती दोघे मिळून एक हत्यार होतात. एकटी बाई किंवा एकटा पुरुष यांना हिशोबात जागा कमी, म्हणून मुलींची लग्ने लवकर उरकली जातात. उसाच्या फडाशेजारी पालात राहणाऱ्या मुलीला दार नाही, आडोसा नाही. फिलेमोनाच्या घरच्या दासीबद्दल विचारलेला प्रश्न इथे तसाच उभा आहे.

आम्ही हे लिहितो ते आरोप करण्यासाठी नाही. आरंभीच्या मंडळीकडे पाहिले की दोन गोष्टी शिकायला मिळतात. एक, शुद्धतेची शिकवण फक्त दुबळ्याला दिली तर ती ओझे होते. ती प्रथम ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला लागू करावी लागते. बासिलाने तेच केले. मंडळीत मुलींच्या कपड्यांवर जितके बोलले जाते तितके मालकाच्या, मुकादमाच्या, शेठच्या वागण्यावर बोलले जाते का? दुसरी गोष्ट, मोठी व्यवस्था एका प्रवचनाने बदलत नाही, पण बंदरावर जाणाऱ्या साध्या मंडळीला १२० माणसे सोडवता येतात.

मग आपल्याला काय करता येईल? आपल्या घरी काम करणाऱ्या बाईचा पगार वेळेवर, आजारपणाच्या दिवसांसह द्यावा. तिला आगाऊ रक्कम दिली असेल तर त्या बदल्यात तिची सुटी गहाण ठेवू नये. ओळखीचे कुटुंब तोडीला येत असेल तर त्यांची उचल किती, हिशोब कोण लिहितो, हे त्यांच्याबरोबर बसून वाचावे. कर्जापोटी माणसाला कामाला बांधून ठेवणे हा गुन्हा आहे आणि तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते, हे त्यांना सांगावे. मंडळीत लग्नाचा खर्च कमी ठेवण्याचा आपण सर्वांनी मिळून निश्चय करावा, म्हणजे कोणाला लग्नासाठी बांधून घ्यावे लागणार नाही. आणि एखादी मुलगी आपल्यावर झालेली जबरदस्ती सांगायला आली, तर तिला पहिल्यांदा एवढेच ऐकू यावे की तुझ्यावर दोष नाही.

प्रार्थना करू या.

हे प्रभू, तू स्वतः दासाचे रूप घेतलेस आणि तीस रुप्यांना तुझाही सौदा झाला. ज्यांच्या शरीराचा आणि श्रमाचा आजही सौदा होतो त्यांना तू ओळखतोस. आमच्या हातातील सत्ता, लहान असो की मोठी, आम्हांला दाखव. अनेसिम दाराशी आला तर त्याला दास म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून घरात घेण्याची आम्हांला कृपा दे. आमेन.